लेक हॉस्टेलला चालली, सोबत काय काय द्यावं?

२४ ऑगस्ट
परभणीहून

नमस्कार मंडळी,

माझा भाऊ ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळाचा जुना सभासद आहे, त्यानंच मला या पत्रांच्या यादीत घेतलंय. तो म्हणाला, मी तिकडं घर करून राहतो, हॉस्टेलचं मला काही ठाऊक नाही, तू मंडळातच विचार.

माझ्या मुलीला बारावीनंतर शेफील्डला प्रवेश मिळालाय. १८ सप्टेंबरला निघायचं आहे. परभणीहून देवगिरीनं मुंबई आणि तिथून विमान. विद्यापीठाच्या हॉस्टेलात खोली मिळाली आहे. खोली एकटीची, बाथरूम खोलीतच, पण स्वयंपाकघर सहा जणांत एक. मेस नाही, म्हणजे आपलं आपण करून खायचं.

आमच्या घरात हॉस्टेलला राहिलेलं कुणीच नाही. पुतण्या छत्रपती संभाजीनगरला शिकायला होता, त्याच्याबरोबर आम्ही गादी, बादली, मग आणि कुलूप दिलं, एवढाच आमचा अनुभव. आता मी एका वहीत लिहायला घेतलंय. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, धपाट्याचं पीठ, तूप, छोटी कढई, लहान कुकर, बादली, देवासाठी समई आणि उदबत्ती. वजन २३ किलोच्या वर जायलंय. ह्यातलं काय ठेवू, काय काढू? आणि मी काही विसरत तर नाही ना?

मनातलं सांगते. तिला चहा आणि मॅगीशिवाय काही करता येत नाही. बारावीच्या दोन वर्षांत मी तिला ताटसुद्धा उचलू दिलं नाही, अभ्यास कर म्हणायचे. आता रात्री झोप येत नाही.

मुलीची आई


२५ ऑगस्ट
लीड्सहून

परभणीच्या ताई,

मी मूळची अंबाजोगाईची. शेफील्ड माझ्यापासून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर आहे, तेव्हा लेक अगदीच परक्या मुलखात चालली असं समजू नका. पत्र लांबणार आहे, पण तुमच्याकडं अजून तीन आठवडे आहेत आणि त्यातच करण्यासारखं काम आहे.

आधी वहीतून काय खोडायचं ते. तूप काढा. भारतातून येताना दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, त्यात तूप, पेढे, खवा सगळं येतं. मांस-मटणाचंही तेच. काही लपवून देऊ नका. सापडलं तर काढून घेतात आणि पहिल्याच दिवशी लेकराला अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. तूप इथं दुकानात मिळतं. बादली काढा, इथं शॉवर असतो. समई आणि उदबत्तीही काढा. हॉस्टेलात उघडी ज्योत चालत नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. बॅटरीवरची पणती द्या, देवापुढं ती लावली तरी देव रुसत नाही.

कढई आणि कुकर थांबवा. शेगडी कुठली आहे ते आधी हॉस्टेलला ईमेल करून विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचं आणि पितळेचं भांडं त्यावर तापतच नाही, बुडाला लोहचुंबक चिकटायला हवा. घरातल्या फ्रिजवरचं चुंबक काढून कढईला लावून बघा, तिथल्या तिथं कळेल. लहान कुकर किंवा भाताचा कुकर खोलीत तर लावताच येत नाही, बहुतेक हॉस्टेलांत तो नियम कडक असतो.

येसर मात्र जरूर द्या, भरपूर द्या. भाजलेल्या धान्या-डाळीचं ते पीठ टिकतं, जड नसतं, आणि पाण्यात कालवून उकळी आणली, वरून फोडणी दिली की आमटी तयार. थकून आलेल्या पोरीला वीस मिनिटांत घरचं जेवण मिळतं. पिशवीवर इंग्रजीत आत काय आहे ते लिहून ठेवा.

आता फोडणीचं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी वीसेक वर्षांपूर्वी शिकायला आले तेव्हा एका दुसऱ्या शहरातल्या हॉस्टेलला होते. दुसऱ्याच संध्याकाळी वरणाला फोडणी घातली. स्वयंपाकघर कोंदट वाटलं म्हणून दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवलं होतं. सुक्या मिरच्या तेलात पडल्या, धूर निघाला आणि तो सरळ व्हरांड्यात गेला. अख्ख्या इमारतीचा भोंगा वाजला. रात्री दहा वाजता, पावसात, कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी अनवाणी, सगळे रस्त्यावर. अग्निशमनची गाडी आली. मला रागावलं कुणी नाही, फक्त नाव लिहून घेतलं, पण मी तीन आठवडे त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. ब्रेड आणि केळी. घरी फोनवर सांगायचे, आज भेंडी केली होती.

नंतर शेजारच्या खोलीतल्या मलेशियाच्या मुलीनं मला हाताला धरून आत नेलं आणि छताकडं बोट दाखवलं. स्वयंपाकघरात सहसा उष्णता ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं, ते फोडणीच्या धुरानं वाजत नाही. धूर ओळखणारं यंत्र व्हरांड्यात आणि खोल्यांत असतं. म्हणून ते जड दार बंद ठेवायचं, पंखा लावायचा, खिडकी उघडायची. मी केलं होतं नेमकं उलटं. एवढंच मला पहिल्या दिवशी माहीत असतं, तर माझे तीन आठवडे वाचले असते.

तर ताई, ह्या तीन आठवड्यांत तिला रोज संध्याकाळी एक फोडणी करायला लावा. तुम्ही बाजूला उभ्या राहा, हात लावू नका. तेल किती तापलं की मोहरी तडतडते, हिंग कधी, आणि मिरचीच्या आधी भांडं शेगडीवरून खाली कसं घ्यायचं. इलेक्ट्रिकची साधी शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, गॅससारखी विझत नाही, म्हणून भांडं उचलायचीच सवय लागायला हवी. फोडणी जमली की वरण, मुरमुऱ्यांचा सुशीला, बटाटा, आमटी, सगळं जमतं. दहा पदार्थ शिकवत बसू नका.

बाकीचं थोडक्यात. पलंगावर नुसती गादी असते. चादर, उशी, पांघरूण आपलं. कित्येक हॉस्टेलं आधी पैसे भरले की अंथरुणाचा संच खोलीत ठेवतात, पहिल्या रात्रीसाठी तेच बरं. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, फक्त पिन चौकोनी, त्यामुळे दोन-तीन अडॅप्टर पुरेत. खोलीत पाय ठेवल्याबरोबर, पेटी उघडायच्या आधी, भिंती, गादी, टेबल, नळ सगळ्याचे फोटो काढायला सांगा. आधीचा डाग नंतर आपल्या नावावर लागू नये. आणि किल्ली व जाकीट कायम दाराजवळच्या खुंटीला. खोलीचं दार मागून आपोआप लागतं, भोंगा वाजला की शोधत बसायला वेळ नसतो.

एक अगदी महत्त्वाचं. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडं नाव नोंदवायचं आणि मेंदूज्वराची लस, मेनएसीडब्ल्यूवाय, घेतली नसेल तर मागायची. पहिल्यांदा विद्यापीठात जाणाऱ्यांना पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ती फुकट मिळते. शेकडो नवी मुलं एकाच छताखाली येतात, काहींच्या घशात ते जंतू असतात आणि त्यांना स्वतःला काही होत नाही. ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, असं काही दिसलं तर थांबायचं नाही, ९९९ ह्या तातडीच्या नंबरला फोन. साध्या दुखण्याला १११.

– अंबाजोगाईची


२५ ऑगस्ट, रात्री
लीसेस्टरहून

ताईंनी जे लिहिलं ते नीट वाचा. मी फक्त एक भर घालतो.

मी १९८६ साली परभणीलाच कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला आलो. गाव औंढ्याजवळ. म्हणजे फार लांब नव्हे, तरी मला वाटे मी दुसऱ्या देशात आलोय. सोबत पत्र्याची पेटी, वळकटी आणि बादली. वडिलांचं पोस्टकार्ड आठ-पंधरा दिवसांनी यायचं. त्यांनी त्यात कधी ‘कसा आहेस, जेवतोस का’ असं विचारलं नाही. पाऊस किती झाला, तूर कशी आहे, कुठला बैल लंगडतोय, कुणाचं लग्न ठरलं, एवढंच असायचं. शेवटी ‘अभ्यास चालू असेल’. ते कार्ड वाचताना मी वसतिगृहात नसायचो, बांधावर असायचो. मग उठून जेवायला जायचो.

माझी दोन्ही मुलं इथं हॉस्टेलला राहिली. आम्ही दोघं त्यांना दिवसातून चार वेळा तेच विचारायचो. जेवलीस का, झोपलास का, मित्र झाले का. ती उत्तरं द्यायची, पण बोलायची नाहीत. लेकराला प्रश्न विचारले की ते तपासणीला उभं राहतं. घरचं सांगितलं की ते आपणहून त्याचं सांगतं. म्हणून ताई, फोनवर तुम्ही बोला. नवरात्रात घट कसे बसवले, आरास काय केली, नळाला पाणी कितव्या दिवशी आलं.

आणि पहिल्या आठवड्याची काळजी करू नका, तो गर्दीत जातो. अवघड काळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतरचा. त्या दिवशी इथं घड्याळं तासभर मागं होतात आणि भारताशी फरक साडेचारचा साडेपाच तास होतो. डिसेंबरात तर चारच्या आतच दिवस मावळतो. ज्यांनी असा अंधार कधी पाहिला नाही, त्यांच्या मनावर तो बसतो. त्या दिवसांत तिला दुपारी, उजेड असताना बाहेर पडायला सांगा. आणि दिवाळीला मंडळात पाठवा, शेफील्डजवळच्या कुणीतरी गाडीत घेऊन यावं, ही माझी सर्वांना विनंती.


२७ ऑगस्ट
नॉटिंगहॅमहून

काकू, मी लातूरची, आता दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे हे सगळं माझं नुकतंच झालंय.

मावशींची फोडणी शंभर टक्के. माझं एवढंच सांगणं की तिला पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात नुसतं बसू द्या. पोट भरलेलं असलं तरी. मी जेवणाचा डबा खोलीत नेऊन खायचे, कारण हातानं खाताना सगळे बघतील असं वाटायचं. दोन आठवड्यांनी बाहेर येऊन बसले, तोवर बाकीच्या पाच जणांची ओळख होऊन गेली होती. ते वाईट नव्हते, फक्त त्यांच्या गप्पांत माझी जागा नव्हती. मी सुशीला केला तेव्हा ती झाली. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात हे त्यांना कळेना, सगळे पातेल्याभोवती जमले.

बादलीचं वाचून मला आमचं घर आठवलं. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी चौथीत होते. आमच्याकडं अजूनही आंघोळीचं पाणी मोजून घेतात. इथं पहिल्या दिवशी शॉवरखाली मी दोन मिनिटांत बाहेर आले, अपराधी वाटलं. तिलाही वाटेल. काकू, बादली नको, पण एक प्लॅस्टिकचा छोटा मग नक्की द्या. तो कशाला लागतो हे लिहायची गरज नाही, आणि इथं तो सहजासहजी मिळत नाही. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी थेट पिण्याचं असतं, फिल्टर देऊ नका.

तिला माझा नंबर हवा असेल तर समितीकडून घ्या.


९ नोव्हेंबर
परभणीहून

मंडळी,

उशिरा लिहिते आहे, राग मानू नका.

तीन आठवडे रोज संध्याकाळी फोडणी झाली. पहिले चार दिवस मोहरी जळाली. पाचव्या दिवशी तिनं मिरची टाकायच्या आधी पातेलं खाली घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही, ताईंनी हात लावू नका म्हटलं होतं. १७ सप्टेंबरला आमच्या गल्लीत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं, ते करून आली आणि शेवटचा स्वयंपाक तिनंच केला. येसराची आमटी आणि भात. तिच्या वडिलांनी दोनदा भात घेतला.

कढई दिली नाही, चुंबक चिकटला नाही. पातेलं ताई तिला शेफील्डला जाऊन देऊन आल्या, ते ह्या जन्मी विसरायची नाही. लस घेतली. दिवाळीला लीसेस्टरच्या काकांनी गाडीची सोय केली, करंज्या करतानाचा तिचा फोटो मी घरात सगळ्यांना दाखवला.

काकांचं पोस्टकार्ड मी मनात ठेवलंय. जेवलीस का हे तोंडावर येतं, ते गिळते. यंदा पावसानं सोयाबीन काळं पडलं ते सांगितलं, कापसाला मजूर मिळेनात ते सांगितलं, शेजारच्यांची म्हैस व्याली ते सांगितलं. मग तीच म्हणाली, आई, आज पाच वाजायच्या आत अंधार पडला आणि मला उगीचच रडू आलं. आधी विचारलं असतं तर ‘मी बरी आहे’ म्हणाली असती. आता रोज तिच्या दुपारी बाराला फोन असतो, आमच्याकडं साडेपाच वाजलेले असतात, मी दळण ठेवून बोलत बसते.

स्वयंपाकघराचं दार बंद ठेवते म्हणाली. त्या सहा जणांत एक वेल्समधली मुलगी आहे, तिला येसराची आमटी एवढी आवडली की दर शुक्रवारी दोघी मिळून करतात. त्यामुळं डिसेंबरपर्यंत पुरायचं येसर आत्ताच संपत आलंय.

कुणी डिसेंबरच्या आत परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरहून तिकडं निघणारं असेल तर कृपा करून कळवा. एक किलोचं पाकीट आहे, पिशवीवर इंग्रजीत लिहिलेलं आहे, मी स्टेशनवर आणून देईन.

मुलीची आई