बिल आणि टेस्ट सर्टिफिकेट जोडलेला ईमेल प्रोग्राममधून पाठवायचा आहे, सल्ला हवा

धागाकर्ता, जालना

नमस्कार. आमची सळईची एजन्सी आहे. रोज संध्याकाळी गाड्या भरून गेल्यावर प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या मालाचे बिल आणि कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट अशा दोन पीडीएफ ईमेलने पाठवाव्या लागतात. मजकुरात सळईचा व्यास, हीट नंबर (पोलादाच्या एका वितळणीचा क्रमांक) आणि वजन यांचा तक्ता असतो. आतापर्यंत हे काम एक्सेलच्या मॅक्रोतून आउटलुकद्वारे होत आले, परंतु विंडोजवरील नव्या आउटलुकमध्ये मॅक्रो चालत नसल्यामुळे पायथनमध्ये प्रोग्राम लिहिण्याचे ठरवले आहे. तक्ता मोबाइलवर आणि आउटलुकमध्ये सारखाच नीट दिसावा, विषय आणि फाइलचे नाव मराठीत असावे, आणि एकाची कागदपत्रे दुसऱ्याच्या हाती कधीही पडू नयेत, अशी अपेक्षा आहे. कोणती लायब्ररी वापरावी? तसेच आमच्या जीमेल खात्याचा नेहमीचा पासवर्ड प्रोग्राममध्ये चालेल का?

गोदाकाठ, नांदेड

पायथनबरोबरच येणारी ‘ईमेल’ आणि ‘एसएमटीपीलिब’ ही मॉड्यूल या कामाला पुरेशी आहेत. वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. मात्र इंटरनेटवरील बहुतेक जुन्या उदाहरणांत ‘माइममल्टिपार्ट’ वापरून पत्राचे भाग हाताने जुळवलेले दिसतात. ते उतरवून घेऊ नका. ‘ईमेलमेसेज’ हा नवा वर्ग (पत्र तयार करण्याचा पायथनमधील तयार साचा) घ्या.

पत्राची रचना समजून घेतली की पुढचे सोपे जाते. ईमेल पाठवण्याची 1982 साली ठरलेली ‘एसएमटीपी’ ही पद्धत साध्या इंग्रजी अक्षरांच्या मजकुरासाठी होती. मराठी अक्षरे आणि जोडलेल्या फाइली पत्रात बसवण्याची सोय 1992 साली आलेल्या ‘माइम’ने केली. फाइल जाताना तिचे दर तीन बाइट चार अक्षरांत लिहिले जातात, त्यामुळे तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. जीमेलची मर्यादा 25 एमबी असली तरी 18 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडू नये, ती त्यामुळेच. आपल्या बिलांना ही अडचण येणार नाही. स्कॅन केलेल्या सर्टिफिकेटांकडे मात्र लक्ष असू द्या.

भाग जोडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘सेट_कंटेंट’ने साधा मजकूर, नंतर ‘ॲड_अल्टरनेटिव्ह’ने एचटीएमएल (तोच मजकूर तक्त्यासह, वेब पानासारखा) आणि शेवटी ‘ॲड_अटॅचमेंट’ने दोन्ही पीडीएफ जोडाव्यात, कारण एकाच मजकुराच्या दोन रूपांपैकी आपल्याला समजणारे शेवटचे रूप वाचणाऱ्याचे मेल सॉफ्टवेअर दाखवते. साध्या मजकुरात ‘कृपया एचटीएमएल पाहावे’ एवढेच लिहून मोकळे होऊ नका. ‘12 मिमी, वजन 4.280 टन’ आणि पुढे हीट नंबर अशी ओळ तिथेही असेल, तर एचटीएमएल न उघडणाऱ्यालाही गाडीत काय आले ते कळेल.

मराठी विषय ‘ईमेलमेसेज’ स्वतःच योग्य रीतीने सांकेतिक करतो. फाइलच्या नावाचेही तो तसेच करतो, परंतु काही जुन्या मेल सॉफ्टवेअरमध्ये ते नाव उमटताना बिघडते. म्हणून विषय मराठीत ठेवावा आणि फाइलचे नाव बिल नंबरासह इंग्रजी अक्षरांत द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालाघाट, लातूर

तक्त्याबद्दल थोडे सांगतो. विंडोजवरील जुने आउटलुक 2007 पासून एचटीएमएल दाखवण्यासाठी वर्डचे इंजिन वापरते, त्यामुळे वेब पानांसाठीची आधुनिक मांडणी तिथे मोडते. साधा ‘टेबल’ घ्या, शैली प्रत्येक रकान्याच्या टॅगमध्येच लिहा, रुंदी टक्क्यांत द्या आणि वजनाचे आकडे उजवीकडे लावा. मोबाइलवर चारपेक्षा जास्त रकाने वाचवत नाहीत. दर, कर वगैरे बिलातच राहू द्या.

खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. गूगलने मे 2022 अखेर वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय बंद केली. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा आणि तो प्रोग्रामच्या फाइलमध्ये न लिहिता वेगळा ठेवावा. सर्व्हरशी जोडताना पोर्ट 587 वापरल्यास ‘स्टार्टटीएलएस’ (जोडणी सुरक्षित करणारी आज्ञा) आधी आणि लॉगिन नंतर, हा क्रम पाळावा.

गोदाकाठ, नांदेड

आपल्या तिसऱ्या अपेक्षेबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण तक्ता वाकडा दिसला तर निभावते, पण एकाचे दर दुसऱ्याला कळले तर व्यवहारच बिघडतो. पत्राची वस्तू लूपच्या (प्रत्येक व्यापाऱ्यासाठी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) बाहेर एकदाच तयार केली आणि आत फक्त पत्ता बदलत गेलात, तर आधीच्या व्यापाऱ्याच्या पीडीएफ तिच्यात तशाच राहतात आणि पुढच्याच्या त्यांत भर पडते. जुना वर्ग दुसरा पत्ताही निमूटपणे पहिल्याच्या खाली जोडतो. ‘ईमेलमेसेज’ मात्र ‘टू’ हे शीर्षक दुसऱ्यांदा लिहिताच त्रुटी देऊन थांबतो. नवा वर्ग घ्या असे मी आग्रहाने म्हणतो, त्याचे मुख्य कारण हेच. प्रत्येक व्यापाऱ्यासाठी लूपच्या आत नवे पत्र तयार करा.

फाइल शोधताना दुकानाच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाची दुकाने परभणीतही असतात आणि बीडमध्येही. बिल नंबरानेच शोधा, आणि दोन्हींपैकी एकही पीडीएफ जागेवर नसेल तर ते पत्र न पाठवता त्याची नोंद करा.

पत्र गेल्याची नोंदही लगेच, एकेक करून लिहावी. मध्येच वीज गेली आणि नोंद शेवटी एकदम होणार असेल, तर पुन्हा चालवल्यावर अर्ध्या लोकांना तेच बिल दोनदा जाईल आणि लेखापाल दोन्ही चढवून मोकळे होतील.

सर्व्हरने पत्र स्वीकारले याचा अर्थ ते पोहोचले असा होत नाही. पत्ता चुकीचा असल्यास परतीचे पत्र काही वेळाने पाठवणाऱ्याच्या खात्यात येते, म्हणून पाठवणाऱ्याचा असाच पत्ता द्या जो कार्यालयात कोणीतरी सकाळी उघडून पाहते.