आर्मार बोलीत गेला, पण न्यायला कोणी येईना. 'येऊन न्या' विक्री करणाऱ्यांनी सांगावं

दिवाडीच्या बाई

नमस्कार. मी गोव्यात दिवाडी बेटावर राहते, प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांचं सामान मागे राहिलं: आरशाचा सागवानी आर्मार (कपाट), बैठकीचा वेत ढिला झालेल्या चार खुर्च्या, पाणी तापवायचं तांब्याचं भाण, चिनी मातीच्या दोन बरण्या आणि एक दगडी रगडा. मुलगा म्हणाला, भंगारवाल्याला देऊ नकोस, ऑनलाइन बोली लाव. फेसबुकवरच्या एका गटात फोटो टाकायचा, कमीत कमी किंमत लिहायची, लोक खाली आकडे लिहितात. रविवारी रात्री नऊला ज्याचा आकडा मोठा, त्याची वस्तू. पाठवणं वगैरे नाही, ज्याने त्याने येऊन न्यायचं.

आमच्याकडे देवळात पालखी झाली की पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव, होते. बाजारात चाळीस-पन्नासला मिळणारा नारळ दोन हजारांना जातो आणि पैसे द्यायला कोणी मागे सरत नाही. समोर देव बसलेला असतो आणि बाजूला अख्खा गाव. मला वाटलं, ही बोलीही तशीच असणार.

बरण्या आणि खुर्च्या गेल्या, त्यात काही सांगण्यासारखं नाही. आर्मारला मी १५,००० पासून सुरुवात लिहिली होती. बोली चढत चढत ३१,५०० ला थांबली. घेणारे म्हापशाकडचे. म्हणाले, शनिवारी टेम्पो घेऊन येतो. शनिवारी मुलाची परीक्षा निघाली. पुढच्या मंगळवारी टेम्पोवाला मिळेना. त्यानंतर बुधवारी दुपारी, मी जेवून आडवी झाले होते तेव्हा, गृहस्थ न कळवता स्कूटरवर हजर! "बघून जातो." बलकांवात (ओसरीवर) बसले, चहा झाला, आर्मारच्या दारांना तीनदा उघडलं-मिटलं आणि म्हणाले, "बाई, बावीस हजार देतो, आत्ता." मी म्हटलं, मग साडेएकतीस कोणी लिहिले? रात्री निरोप आला: "रद्द समजा."

दुसरा आकडा ३१,००० चा होता, तिथे आता काही होणार नाही. तिसरा २४,५०० चा. त्यांना निरोप पाठवला, उत्तर नाही.

आणि एक कबूल करते. भाणाचा सौदा मीही रद्द केला. मडगावच्या एका मुलीने ४,२०० ला घेतलं होतं, पाचशे आधी पाठवलेही होते. मग मुंबईहून दिराचा फोन: "आईचं भाण विकलंस?" मी मुलीला पाचशे परत केले आणि माफी मागितली. तिने फक्त अंगठा पाठवला. तो अंगठा मला अजून टोचतो.

तर प्रश्न असा की आधी किती पैसे घ्यावेत? किती दिवस थांबावं? रद्द झालं तर घेतलेल्या पैशांचं काय? घरी येऊन भाव पाडणाऱ्याला काय म्हणावं? आणि हो, दिवाडीला पूल नाही. टेम्पो फेरीबोटीतूनच यायला हवा. हे लोकांना येईपर्यंत लक्षातच येत नाही.

मडगावचा जुना बाजारी

बाई, नऊ वर्षं जुनं फर्निचर विकतोय, माझ्या पद्धतीने सांगतो.

बोली संपली की चोवीस तासांत दहा टक्के विसार, म्हणजे आगाऊ रक्कम. आला नाही तर पुढच्याला फोन, वाट बघायची नाही. हे जाहिरातीतच लिहायचं, मागाहून सांगितलं तर भांडण होतं. न्यायला सात दिवस. त्या सातांतले तुम्हाला सोयीचे तीनच दिवस द्यायचे, तेही वेळेसकट. "कधीही या" म्हटलं की माणूस कधीही येतो, म्हणजे तुमच्या वामकुक्षीला. पत्ता विसार आल्यावरच.

उरलेले पैसे वस्तू उचलायच्या आधी, तुमच्या दारात. मोबाइलवरचा 'पैसे गेले' असा फोटो दाखवला तर मान डोलवू नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा झाले का बघा. एकदा माझ्याकडे नुसता ड्रायव्हर आला होता, म्हणे सेठने पाठवलेत. चार वाजता आला. सात वाजेपर्यंत मी आणि तो पायरीवर बसून राहिलो, सेठ फोन उचलेना. शेवटी मीच त्याला पाव-भाजी खाऊ घालून रिकामा टेम्पो परत पाठवला. बिचाऱ्याचं भाडंही बुडालं असणार.

आणखी एक. कोणी न बघता, घासाघीस न करता "पूर्ण पैसे आत्ता पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणाला, लष्करात आहे म्हणाला, ओळखपत्राचा फोटोही पाठवला, तरी स्कॅन करू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागते. पैसे गेलेच तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन.

भाव पाडणाऱ्यासाठी माझं एकच वाक्य आहे: "बोलीचा भाव नको तर बोली रद्द करतो, विसार माझ्याकडे राहिला." निम्मे लोक तिथेच पाकीट काढतात.

पूल नाही हे जाहिरातीच्या पहिल्या ओळीत टाका. शेवटच्या ओळीपर्यंत कोणी वाचत नाही, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला माहीत आहे.

स्विंडनहून पेडणेकार

बाई, माझं घर पेडण्याचं, इथे इंग्लंडमध्ये बारा वर्षं. स्विंडनमध्ये आपले गोंयकार इतके आहेत की सोफा विकला तर न्यायला येणारा कुंकळ्ळीचा निघतो. मी ईबे या ऑनलाइन बोलीच्या साइटवर विकतो. ईबेची भारतातली साइट २०१८ ला बंद झाली, म्हणून तुम्हाला ती थेट उपयोगाची नाही, पण तिथले नियम माणसांचा स्वभाव बघून केलेत. त्यातले घेण्यासारखे घ्या.

जिंकणाऱ्याने चार दिवसांत पैसे दिले नाहीत तर पाचव्या दिवशी विकणारा 'पैसे दिले नाहीत' या कारणाने सौदा रद्द करू शकतो, आणि ती नोंद घेणाऱ्याच्या नावावर चढते. अशा नोंदी असलेल्यांना आपल्या बोलीतून आधीच बाहेर ठेवायची सोय आहे. मग खालच्या बोलीवाल्याला त्याच्याच आकड्यावर वस्तू देऊ करता येते.

कारण कोणतं टाकतो यावर सगळं असतं. घेणाऱ्याने मागितलं म्हणून रद्द केलं तर विकणाऱ्याला डाग नाही. वस्तू नाही किंवा द्यायची नाही म्हणून आपणच रद्द केलं तर आपल्या खात्यावर दोष लागतो. तुमचं भाण त्यातलं. म्हणून मी आता फोटो काढायच्या आधी आईला, बायकोला आणि दोन्ही भावांना विचारतो. मीही एकदा वडिलांचा रेडिओ विकून बसलो होतो.

न्यायला येणाऱ्याची गंमत सांगतो. पैसे ईबेवरून दिले असतील तर घेणाऱ्याच्या फोनवर एक क्यूआर आणि सहा आकडी कोड असतो. वस्तू हातात देताना मी तो स्कॅन करतो किंवा कोड टाकतो, झालं. नंतर "मला मिळालंच नाही" म्हणता येत नाही. तुमच्याकडे ही सोय नाही, पण एका कागदावर 'आर्मार बघून, तपासून नेला' असं लिहून तारीख-वेळेसकट सही घेतली तरी तेच काम होतं. गाडीत चढवलेल्या वस्तूचा नंबरप्लेटसकट फोटोही काढा.

पणजी कोर्टाजवळचा

मी वकील नाही, वकिलांकडे तेवीस वर्षं टंकलेखन केलंय, त्यामुळे कलमं हाताला पाठ आहेत.

माल विक्री कायदा १९३० चा, त्याचं कलम ६४ लिलावाचं. हातोडा पडेपर्यंत, किंवा जी रीत असेल त्या रीतीने विक्री जाहीर होईपर्यंत, बोली मागे घेता येते. नंतर नाही. तुमच्या गटात रविवारी नऊला काय होतं? कोणी 'अमक्यांना दिलं' असं लिहितं का? लिहीत नसाल तर आजपासून लिहा. तोच तुमचा हातोडा.

घेणाऱ्याने ठरल्या वेळी माल उचलला नाही तर कलम ४४ प्रमाणे सांभाळण्याचा वाजवी खर्च मागता येतो. पैसे न देणाऱ्याला 'दुसऱ्याला विकतोय' अशी सूचना देऊन, वाजवी मुदत थांबून, वस्तू दुसऱ्याला विकता येते. ते कलम ५४. सूचना लेखी दिलेली बरी, व्हॉट्सॲपवर दिलीत तरी शब्द स्पष्ट ठेवा. विसार ठेवून घेणार असाल तर ती अट आधी कळवलेली हवी आणि रक्कम वाजवी. एकतीस हजारांवर तीन हजार चालेल, पंधरा मागाल तर कोणी ऐकणार नाही.

जाहिरातीचा फोटो मी बघितला. 'पोर्तुगीजकालीन, शंभर वर्षं जुना' असं लिहिलंय. शंभर वर्षं खात्रीने माहीत आहेत का? १९७२ च्या पुरावशेषांच्या (जुन्या मोलाच्या वस्तूंच्या) कायद्यात शंभर वर्षांवरच्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेषात येऊ शकतात. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. उद्या एखादा परदेशी पाहुणा दारात उभा राहील. नुसतं 'पोर्तुगीजकालीन' म्हणा. पोर्तुगीज १९६१ पर्यंत इथे होते, त्या हिशेबाने माझा थोरला भाऊही पोर्तुगीजकालीन.

आता एक विचारतो, राग मानू नका. २४,५०० वरून एकदम ३१,००० कोणी लिहिले? आणि 'तिथे आता काही होणार नाही' म्हणजे काय?

दिवाडीच्या बाई

बरोबर पकडलंत. वर्गात मीही असंच पकडायची.

ते ३१,००० माझ्या नणंदेचे. ती म्हणाली, वहिनी, चोवीसला थांबलंय, मी जरा ढकलते. मी नको म्हटलं नाही. मग म्हापशाच्या गृहस्थांनी ३१,५०० लिहिले आणि आम्ही दोघी फोनवर हसलो. आता लिहिताना हसू येत नाही.

कलमात याला काय म्हणतात?

पणजी कोर्टाजवळचा

त्याच ६४ मध्ये आहे. विकणाऱ्याला स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावायची असेल तर ते आधी जाहीर करावं लागतं. खोटी बोली लावून भाव चढवला तर ती विक्री मोडायचा हक्क घेणाऱ्याला. म्हणजे म्हापशाच्या माणसाने रद्द केलं ते त्याच्या नकळत कायद्यातच बसलं. ३१,५०० चा हट्ट आणि विसार हे दोन्ही सोडा. चोवीसच्या खाली द्यायचं नव्हतं तर राखीव किंमत चोवीस लिहायची, ते चालतं.

मडगावचा जुना बाजारी

नणंदेचं ऐकून मला घाम फुटला, कारण माझा मेहुणा सुद्धा... असो. मी वर 'विसार राहिला' म्हटलं ते बाईंच्या या प्रकरणात मागे घेतो.

दिवाडीच्या बाई

म्हापशाच्या गृहस्थांना काल फोन केला. खरं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बाई, मला वाटलंच होतं, मी बुधवारी तेच बघायला आलो होतो." बावीसला अजून तयार आहेत का विचारलं, तर त्यांनी तोवर पर्वरीहून दुसरं कपाट घेतलंय. चहा चांगला होता म्हणाले.

भाणवाल्या मुलीलाही लिहिलं. दिराचं कारण आधी दिलं नव्हतं, ते दिलं. तिला सांगितलं, रगड्याची बोली लावणार आहे, हवा असेल तर आधी तुला विचारते. म्हणाली, फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे.

डिचोलीचा सुतार

२४,५०० लिहिणारा मी. तुमचा निरोप मला दिसलाच नव्हता, अनोळखी माणसाचा म्हणून फेसबुकने वेगळ्या कप्प्यात टाकला होता. आज हे वाचून शोधला.

आर्मार हवा आहे, पण आकड्याआधी मापं द्या: उंची, रुंदी, खोली, आणि तुमच्या दाराची रुंदीही. जाहिरातीत एकही माप नव्हतं. म्हापशाचे भाव पाडायला आले असतील, पण मापं नसली की माणूस बघायला येणारच. जुन्या आर्मारचा वरचा नक्षीचा भाग बहुतेक नुसता बसवलेला असतो, उचलला की सुटतो. दारं बिजागरीतून काढता येतात, पाठीच्या फळ्याही. सुटा करून नेला तर पिकअपमध्ये आडवा बसतो. उभा नेऊ नये. ओहोटीला धक्क्यावरचा उतार वाढतो, फेरीत चढताना गाडी मागून झुकते आणि आरसा पहिला जातो.

२४,५०० आरसा मूळचा असेल तर. नवा बसवलेला असेल तर २१. अडीच हजार विसार आज पाठवतो. भरतीची वेळ बघून गुरुवार किंवा शुक्रवार सांगतो. आमच्या बाजूने नारव्याहून फेरी आहे, ती मला जवळ पडते.

दिवाडीच्या बाई

विसार आला, ॲपमध्ये बघून सांगते आहे, फोटोवरून नाही. मापं: उंची सहा फूट आठ इंच, रुंदी चार फूट एक, खोली वीस इंच. पुढचं दार तीन फूट दोन. तुम्ही म्हणता तसा सुटाच करून न्या. आरसा मूळचा, पण डाव्या खालच्या कोपऱ्यात पारा उडालाय, त्याचा फोटो टाकला आहे, आधीच बघून घ्या. गुरुवार चालेल, सकाळी दहा ते एक. दोन माणसं बरोबर आणा. आमच्या घरी उचलायला मी आणि आमचे हे, दोघांची मिळून एकशे अडतीस वर्षं.