ॲसिडचा टँकर उलटला, तर बंबाने आधी पाणी मारू नये

घाटवळण (धागा सुरू करणारा)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावाजवळच्या वळणावर सल्फ्युरिक ॲसिडचा टँकर कलंडला. बंब आला, होज पसरले आणि रस्त्यावर साचलेल्या डबक्यावर थेट धार सोडली. धार पडली तशी तापलेल्या तेलात पाणी पडावं तसा तडतडाट झाला. पांढरा धूर उठला, शिंतोडे उडाले आणि पुढे उभ्या असलेल्या जवानाच्या पँटला गुडघ्याखाली भोकं पडली. तो मागे सरला, दुसरा पुढे आला. त्यांच्या धाडसाबद्दल शंका नाही. मला राग येतो तो त्यांना ज्या तयारीनिशी पाठवलं गेलं तिचा. अंगात साधा गणवेश, पायात गमबूट आणि गाडीत फक्त पाणी.

माझं मत सरळ आहे. ॲसिड सांडलं की पहिलं काम माणसं लांब नेणं. दुसरं काम वाळू-मातीचा बांध घालून ते गटारापर्यंत जाऊ न देणं. मग चुना किंवा सोडा. रस्ता धुण्यासाठी पाणी सगळ्यात शेवटी. रस्ता चार तास बंद राहिला तर राहू दे. अधिकाऱ्याला "अजून किती वेळ?" असे फोन येत राहतात म्हणून धार सोडली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बंबवाले_काका

पूर्ण असहमत. नोकरीचं आयुष्य अग्निशमन दलात काढलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पाणी हा शत्रू नाही, चुकीचं मारलेलं पाणी शत्रू आहे. डबक्यावर घन धार मारणं चूकच. पण लांबून बारीक फवारा, वारा पाठीशी, आणि पाणी भरपूर, ही वेगळी गोष्ट आहे. टँकरवरच्या फलकावर युएन नंबर (प्रत्येक धोकादायक पदार्थाचा ठरलेला चार आकडी क्रमांक) १८३० असेल तर ते सल्फ्युरिक. त्याचा हॅझकेम कोड, म्हणजे बंबवाल्याने काय करायचं ते सांगणारी खूण, २पी. यातला २ म्हणजे बारीक फवारा. पी म्हणजे अंगभर संरक्षक पोशाख (सूट) आणि श्वसनयंत्र घाला, जोरदार प्रक्रिया होऊ शकते हे लक्षात ठेवा, पण भरपूर पाण्याने पातळ करायला हरकत नाही. ज्या पदार्थाला नुसतं अडवायचं असतं त्याला डब्ल्यूपासून झेडपर्यंतचं अक्षर असतं. म्हणजे कोडच पाण्याला परवानगी देतो.

आता चुन्या-सोड्याचं. वीस टन ९८ टक्के ॲसिड पूर्ण मारायला, म्हणजे निष्प्रभ करायला, एकवीस टनांहून जास्त सोडा ॲश (धुण्याचा सोडा) लागेल, नाहीतर जवळपास पंधरा टन चुना. रात्री दोन वाजता घाटात हे कोण आणून देणार? आणि सोडा टाकला की नऊ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो खोलगट जागी साचतो. चुन्यानेही उष्णता निर्माण होतेच. कागदावर सोपं दिसतं ते रस्त्यावर तसं नसतं.

आणि केबिनमध्ये ड्रायव्हर अडकलेला असेल तेव्हा वाळूचा ट्रक येईपर्यंत थांबा, असं मी माझ्या जवानाला सांगू शकत नाही.

वहाळाकाठी

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण धुतलेलं पाणी जातं कुठे ते आमच्याकडे येऊन पाहा. रस्ता धुतला की सगळं मोरीतून वहाळात. दुसऱ्या दिवशी कोंडीत मासे पालथे तरंगत होते आणि गुरं पाण्याला तोंड लावत नव्हती. चौकशीला कोणी फिरकलं नाही, कारण रस्ता मोकळा झाला होता.

प्रयोगवही

रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे वहाळाकाठींच्या मुद्द्याला फक्त आकडा जोडतो. पीएच म्हणजे आम्लतेचं माप: ७ म्हणजे शुद्ध पाणी, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. एक लिटर ९८ टक्के सल्फ्युरिकचा पीएच नुसत्या पाण्याने ३ वर आणायचा तर साधारण ३७,००० लिटर पाणी लागतं. पीएच ३ ला मासा जगत नाही. सांडपाणी नदीत सोडण्याची मर्यादा ५.५ ते ९ आहे. वहाळाच्या पाण्यातले क्षार थोडी मदत करतील, पण उन्हाळ्यात वहाळात पाणी असतं तरी किती? बंबातल्या काही हजार लिटरांनी ॲसिड पातळ होत नाही, पसरतं.

काकांचा सोड्याचा हिशेब बरोबर आहे. मात्र घाटवळण सगळंच ॲसिड चुन्याने मारा म्हणत नाहीत, असं मी समजतो. बांध घालून जेवढं अडेल ते ॲसिड-पंपाने दुसऱ्या टँकरमध्ये ओढायचं आणि जमिनीवर उरलेल्या थरालाच चुना. एक धोक्याची सूचना: शोषायला लाकडाचा भुसा वापरू नका. सल्फ्युरिकने तो कोळसतो आणि नायट्रिक असेल तर पेटू शकतो.

घाटवळण

हो, माझा मुद्दा तोच. उरलेल्या थरासाठी वीस-पंचवीस गोणी पुरतात, वीस टन नाही.

सेफ्टी_शिफ्ट

केमिकल कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. दोन्ही बाजू "ॲसिड" हा एकच शब्द धरून भांडताहेत आणि तिथेच गडबड आहे. युएन नंबर १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते धुमसतं, त्याच्या वाफा खाली बसवायला पाण्याचा बारीक पडदा उत्तम, तिथे काकांचं ऐका. १८३० हे ९८ टक्के सल्फ्युरिक असेल तर उघड्यावर फारसं धुमसत नाही, मग घाई कशाची? तिथे घाटवळणचं ऐका. १८३१ म्हणजे ओलियम, धुमसणारं अतितीव्र सल्फ्युरिक. ते हवेतल्या ओलाव्यानेच दाट धुकं करतं, त्याच्या डबक्यावर पाणी म्हणजे ढग आणखी मोठा. ४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम सुटलं, भोपाळला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच खटल्यातून धोकादायक उद्योगाच्या संपूर्ण दायित्वाचं, म्हणजे चूक असो-नसो भरपाई द्यायचीच, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मांडलं.

अजून एक, कारण हे जिवावर बेततं. ९८ टक्के सल्फ्युरिक साध्या पोलादी टाकीतून नेता येतं. त्यात पाणी शिरलं की पातळ ॲसिड पोलाद खाऊ लागतं आणि हायड्रोजन सुटतो. रस्त्याकडेच्या जस्त चढवलेल्या कठड्यावर बुडबुडे दिसले तर तोही हायड्रोजनच. अशा जागी पत्रा कापायला गॅस कटर आणला की स्फोट. आणि भरलेला टँकर क्रेनने उचलू नका, आधी रिकामा करा.

चौदाचाकी

माझे स्वतःचे टँकर आहेत. सगळे फलक-फलक म्हणताय, पण नियम १९८९ पासून आहे: दोन्ही बाजूंना आणि मागे फलक, त्यावर पदार्थाचं नाव, युएन नंबर, आणीबाणीचे फोन. केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड. ड्रायव्हरला प्रशिक्षण, आणि एका भारतीय भाषेसोबत इंग्रजी वाचता येणंही सक्तीचं. आम्ही हे करतो. पण टँकर फलकाच्याच बाजूवर पडला, तर? आणि तो आकडा वाचायला पोलिसाला, टोलनाक्यावरच्या पोराला कोणी शिकवलंय? ड्रायव्हर शुद्धीवर असला तर तो सांगतो, पण जमाव आधी त्यालाच मारतो, म्हणून बिचारा पळतो. माल काय आहे ते सांगणारा एकमेव माणूस असा निघून जातो. याबद्दल कोणी धागा काढत नाही.

वॉर्डातली_ताई

पाण्यावरून एवढा वाद झाला आहे की वाचणारा अंगावर उडालेल्या ॲसिडलाही पाणी लावायला घाबरेल, म्हणून लिहिते. माणसाच्या अंगावर पाणीच, लगेच आणि भरपूर, वीस मिनिटं तरी वाहतं. डोळ्यांना त्याहून जास्त. कपडे डोक्यावरून ओढू नका, कापून काढा. चुना, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट काहीही चोळू नका, त्याच्या उष्णतेने जखम खोल जाते. आमच्याकडे आणलेल्या एका क्लीनरच्या पाठीवर कोणीतरी चुन्याचा लेप दिला होता. तो लेप धुताना तो ज्या आवाजात ओरडत होता तो मी विसरलेले नाही. कॉस्टिक सोडा असेल तर सुरुवातीला दुखत नाही म्हणून लोक थांबतात, थांबू नका. आणि नायट्रिकचा तपकिरी धूर छातीत गेलेला माणूस बरा वाटतोय म्हणून घरी पाठवू नका, काही तासांनी फुप्फुसात पाणी होतं.

बंबवाले_काका

ताईंचं प्रत्येकाने पाठ करावं. सेफ्टी_शिफ्ट, नंबराप्रमाणे वागा हे मान्य. पण घाटवळण, तुमचा क्रम मला अजूनही पटत नाही. "पाणी शेवटी" असा नियम कागदावर गेला की १७८९ च्या वेळीही कोणीतरी हात बांधून उभा राहील आणि खालच्या वस्तीत वाफा जातील. टँकरच्या डिझेलने पेट घेतला तर? तिथे फोम लागतो, वाळूची वाट बघून भागत नाही.

सेफ्टी_शिफ्ट

मदतीचं म्हणाल तर तळोजा, पाताळगंगा, महाड अशा पट्ट्यांत कारखान्यांचे 'मार्ग' (परस्पर मदत) गट आहेत. एकमेकांना सूट, पंप, माणसं पाठवतात. १९९६ च्या नियमांत जिल्हा आणि स्थानिक आणीबाणी गटांची तरतूद आहे, कारखान्याबाहेरचा आराखडा जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी तुकडी तळेगावजवळ आहे, कोकणातल्या घाटात पोचेपर्यंत काही तास जातातच. त्या तासांसाठी जवळच्या कारखान्याचा फोन नंबर बंबाच्या ड्रायव्हरकडे हवा. आमच्या भागात तो नव्हता. आम्हीच नेऊन दिला.

घाटवळण

काका, मग वाक्य असं करू: नंबर वाचल्याशिवाय डबक्यावर पाणी नाही. अडकलेला माणूस आणि पेटलेलं डिझेल हे अपवाद. आणि नंबर दुर्बिणीतून, लांबूनच वाचायचा. बंबात एक दुर्बीण ठेवायला किती खर्च येतो?

बंबवाले_काका

हे चालेल. दुर्बिणीला तर लगेच होकार. पण जवानाला सूट मिळेपर्यंत बांध घालायलाही मी त्याला पुढे पाठवणार नाही, जेसीबीवाल्याला तर नाहीच. तुमच्या क्रमात पहिलं काम माणसं लांब नेणं आहे, त्यात जवानही धरा.

वहाळाकाठी

वळणावर गोणी ठेवायचं ठरलं तर चुन्याच्या ठेवू नका, कोकणच्या पावसात दोन महिन्यांत त्यांचा दगड होतो. वाळू ठेवा आणि चुना पंचायतीच्या कोरड्या खोलीत, प्लॅस्टिकमध्ये. दर मे महिन्यात गोणी बदलायची जबाबदारी कोणाची, ते आधी लिहून घ्या. आमच्या वाडीतले चारजण तयार आहेत.