पॉप-अप कॅम्परमध्ये घरच्या घरी काय सुधारता येईल? (आई-बाबा येणार आहेत)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. डेट्रॉइटजवळ राहतो. २००६ सालचा पॉप-अप कॅम्पर घेतलाय, म्हणजे गाडीमागे ओढायचा, छत वर उचललं की कापडी भिंतींची खोली होणारा ट्रेलर. ओढायला टोयोटा सिएना व्हॅन आहे. जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येताहेत. त्यांना लेक मिशिगनच्या काठी लडिंग्टन आणि स्लीपिंग बेअर ड्यून्सला न्यायचं मनात आहे.
अडचण अशी की आईचे गुडघे दुखतात, तिला बंकवर (बाजूला बाहेर ओढायच्या उंच पलंगावर) चढता येणार नाही. टेबल खाली करून पलंग होतो, पण त्यावरची गादी इतकी पातळ की खालची फळी पाठीला लागते, आणि रुंदीला तो एकाच माणसाचा. लेक सुपीरियरकडे गेलो तर जूनमध्येही रात्री गार पडतं. दिवे जुने पिवळे बल्बवाले.
बजेट ६०० डॉलर, त्यावर एक पैसा नाही. ड्रिल, जिगसॉ घरी आहे, काम स्वतः करणार. आधी कशाला हात घालू?

सह्याद्री_टेक्सास
एसी बसवा. बाकी सगळं नंतर. आम्ही छतावर १३,५०० बीटीयूचा बसवला आणि तेव्हापासून जुलैतही मुलं दुपारी आत शांत झोपतात. हजाराच्या आसपास जाईल, पण आई-बाबांसाठी करताय ना?

रानवाटा
मी तर म्हणेन बॅटरी. १०० अँपिअर-अवरची लिथियम घेतली, वजन जुन्या लेड-ॲसिडच्या निम्मं. वर २०० वॅटचं सोलर. आता वीज नसलेल्या जागी बिनधास्त जातो, पंखे रात्रभर चालतात, फोन चार्ज होतात. एकदा पैसे घाला आणि मोकळे व्हा.

मंजिरी_ओहायो
अहो, त्यांनी ६०० लिहिलंय.
कृष्णाकाठ, गादीसाठी सोफा शिवणाऱ्याच्या दुकानातून जास्त डेन्सिटीचा फोम कापून घ्या. मेमरी फोम थंडीत दगडासारखा होतो. जाडी ठरवायच्या आधी छत खाली करून बघा. फोम जाड झाला की छताचे लॅच बसत नाहीत आणि लोक वरून दाबतात, मग उचलायच्या केबलवर ताण येतो.
थंडीसाठी: बंकच्या फळीखाली मोकळी हवा असते, खालूनच गारठा येतो. गादीखाली चंदेरी बबल-फॉइल अंथरा. फळी आणि गादीमध्ये जे पाणी धरतं तेही कमी होतं. दुपारच्या उन्हासाठी बंकच्या कॅनव्हासवर बाहेरून चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट टाकून कपड्याचे चिमटे लावा. काही डॉलरांत काम होतं आणि आतला फरक हाताला कळतो.
आणि फोडणी आत करू नका! हिंगाचा वास कॅनव्हासमध्ये सीझनभर राहतो.

सह्याद्री_टेक्सास
फोडणीचं काही होत नाही. आम्ही आतच करतो, खिडक्या उघड्या ठेवायच्या.

मंजिरी_ओहायो
तुमच्याकडे एसी आहे म्हणता आणि खिडक्याही उघड्या ठेवता?

इलेक्ट्रिकवाले_काका
लिथियमबद्दल एक सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. २००६ च्या कॅम्परमधला कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारा डबा) लेड-ॲसिडसाठी आहे. साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टच्या आसपास देतो. लिथियमला पूर्ण भरायला साधारण १४.४ ते १४.६ लागतात. म्हणजे कन्व्हर्टरही बदला, खर्च वाढला. शिवाय शून्य सेल्सिअसखाली लिथियम चार्ज करायची नसते, मिशिगनच्या हिवाळ्यात ती काढून घरात ठेवावी लागेल.
त्यापेक्षा बल्ब बदला. जुना बल्ब दीड अँपिअरच्या जवळपास खातो, त्याच सॉकेटमधला एलईडी पाव अँपिअरच्याही आत. घेताना वॉर्म व्हाइट घ्या, पांढरा प्रकाश कॅनव्हासमध्ये डोळ्यांना खुपतो. बहुतेक एलईडीला प्लस-मायनस असतं, नाही लागला तर उलटा करून बसवा.

रानवाटा
माझ्या कन्व्हर्टरला काही झालं नाही. दोन सीझन झाले.

इलेक्ट्रिकवाले_काका
होणार काहीच नाही. बॅटरी पूर्ण भरणार नाही, एवढंच.

पुणेरी_भटका
इथे पुण्यात असं काही करता येईल का? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण घरच्या गाडीत पलंग ठोकला तर आरटीओ काय म्हणेल?

जुनाजाणता
पुणेरी, गाडीच्या मूळ रचनेत बदल केलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. काढता-घालता येईल असं सामान ठेवा. यावर वेगळा धागा काढा, इथे भरकटेल.

कृष्णाकाठ, गादी-दिवे सगळं बरोबर आहे, पण तुमचा कॅम्पर जवळपास वीस वर्षांचा आहे. आधी तीन गोष्टी.

छत. चारही कोपरे आतून अंगठ्याने दाबा. लाकूड दबलं तर पाणी आत शिरलंय, आणि मग गादी-पडदे सगळं व्यर्थ. सांधा उघडावा लागला तर जुना चिकटा पूर्ण खरवडून ब्यूटाइल टेप (पाणी रोखणारी चिकट पट्टी) लावा. सिलिकॉन अजिबात लावू नका. त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. आमच्याकडे एका दुरुस्तीवाल्याने कोपऱ्यात ट्यूबभर सिलिकॉन भरून दिलं होतं, ते काढता काढता सगळा उन्हाळा गेला.

टायर. बाजूला डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांवरचा टायर ट्रेलरला ठेवू नका. उभ्या उभ्या तो आतून कुजतो. एसटी (म्हणजे खास ट्रेलरसाठीचे) लिहिलेलेच घ्या, कारचे नकोत. चाक काढलंच आहे तर बेअरिंगला नवं ग्रीस भरा, सील नवं लावा.

गॅस अलार्म. मागे मुदतीची तारीख छापलेली असते. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून तो अलार्म जमिनीलगत असतो. तुमच्या बाबांची चप्पल, बॅग त्याच्यापुढे ठेवू देऊ नका.

कॅल_मावशी
एवढ्या कटकटीपेक्षा विकून टाका आणि छोटा हार्ड-साइड ट्रेलर घ्या. आम्ही तेच केलं. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला अस्वलांमुळे पॉप-अप घेतच नाहीत, कापडाच्या भिंती चालत नाहीत. पूर्ण कडक भिंतीच लागतात.

कृष्णाकाठ
मावशी, यलोस्टोन आमच्या यादीत नाही. आणि सिएनाची ओढायची मर्यादा ३५०० पौंड. त्यात आम्ही सहा जण बसलो, सामान भरलं की छोटा ट्रेलरसुद्धा जड होतो.
जुनाजाणता, आजच बघितलं. कोपरे कडक आहेत, देवाची कृपा. टायर मात्र २०१५ चे निघाले, ते जाणार.

मंजिरी_ओहायो
स्लीपिंग बेअरला प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंड घ्या. तिथे विजेच्या जागा आहेत. तिथलंच डी. एच. डे कॅम्पग्राउंड सुंदर आहे, पण तिथे वीज नाही. वीज असली की १५०० वॅटचा सिरॅमिक हीटर पुरतो. फक्त इंडक्शन आणि हीटर एका वेळी लावू नका, ब्रेकर पडतो.

सह्याद्री_टेक्सास
म्हणूनच म्हणतो, वीज आहे तर एसी बसवा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार बसून ठरवलं. मी आतलं किचनचं कपाट आणि शेगडी काढतोय. त्या जागी अर्ध्या इंची प्लायवूडचा पक्का बाक, उंची १८ इंच. आई त्यावर बसून सरळ आडवी होऊ शकते, पाय उचलायला नको. वरचं झाकण उघडलं की आत पांघरुणं. बाबा शेजारी टेबलच्या पलंगावर. आम्ही आणि मुलं बंकवर. स्वयंपाक सगळा बाहेर, ताडपत्रीखाली.
हिशेब: टायर १९०, प्लाय आणि फोम २२०, एलईडी ३०, फॉइल-ब्लँकेट ४०, नवा अलार्म ६०. ५४० झाले.

रानवाटा
किचन काढू नका! विकताना कुणी विचारणार नाही.

कॅल_मावशी
मलाही पटलं नाही. पाऊस आला की चहा कुठे करणार?

जुनाजाणता
मीही काढलं नसतं. पण काढणारच असाल तर नीट काढा. कपाटाखालून गॅसची नळी आणि बऱ्याच मॉडेलांत हीटरची हवा जाते. सिलेंडर बंद करून नळीच्या तोंडाला पितळी फ्लेअर कॅप लावा. नुसती टेप गुंडाळून सोडू नका. मग सिलेंडर उघडून साबणाच्या पाण्याने बुडबुडे तपासा. आणि वजनाची जागा बदलली की टंगवरचं (ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडायच्या दांड्यावरचं) वजनही बदलतं. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत हवं. मागे जास्त भार गेला तर हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो.

कृष्णाकाठ
फ्लेअर कॅप आणि साबणाचं पाणी, दोन्ही लिहून घेतलं. टंगचं वजन बाथरूमच्या काट्यावर मोजेन, फळी टेकवून. विकायचा विचारच नाही, त्यामुळे भाव पडला तरी चालेल. आईला व्हिडिओ कॉलवर बाकाची जागा दाखवली, तिने पहिलं विचारलं की उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला फळी असेल ना. तीही करतोय.

मंजिरी_ओहायो
बाकाच्या कडा गोल करा, रात्री पिंडरीला लागतात. आणि फोमला कव्हर चेनचं शिवा, धुता येईल.

पुणेरी_भटका
जुनाजाणता, वेगळा धागा काढलाय. तिकडे याल का?