मेंटॉर असून भागत नाही
चांगला मेंटॉर, म्हणजे कामात मार्गदर्शन करणारा, मिळाला की कंपनीतली इंटर्नशिप सुधारते असं म्हणतात, ते पटलं, पण अर्धंच. माझा मेंटॉर उत्तम होता, तरी 12 आठवड्यांतले पहिले 3 नुसते परवानग्यांत गेले, लॅपटॉप आला, लॉगिन आलं, पण ज्या डेटावर काम करायचं तोच बंद! मेंटॉर बिचारा परवानगीसाठी रोज मेल टाकायचा.

आणि इंटर्नशिप करणाऱ्या पीएचडीवाल्यांचा एक घोळ कोणी काढतच नाही, केलेलं काम बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचं असतं, त्यामुळे रिसर्च पेपर छापायचा किंवा थीसिसमध्ये घालायचं तर कंपनीच्या लीगल (कायदा) विभागाची मंजुरी लागते, आणि ती मागायची आठवण होते शेवटच्या आठवड्यात, अकाउंट बंद व्हायच्या तोंडावर. काय छापता येईल ते जॉइन व्हायच्या आधीच लेखी ठरवून घ्या, नंतर कोणाला वेळ नसतो.