मदत हवी आहे: केळीच्या सालीच्या राखेने बायोडिझेलऐवजी साबणच होतोय

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी खाद्यतेलापासून बायोडिझेल बनवायला केळीच्या सालींची राख उत्प्रेरक म्हणून वापरतोय. साली दादरच्या एका ज्यूसवाल्याकडच्या, तेल आमच्या नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवरचं. (गाडीवाले काका अजून विचारतात, "यावर खरंच गाडी चालते का रे?")

साली ओव्हनमध्ये कडकडीत वाळवून मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतली बंद भट्टी) 700 अंशांवर चार तास ठेवल्या. राख करड्या रंगाची, पोटॅशियम कार्बोनेटमुळे चांगलीच अल्कधर्मी. तेलाच्या वजनाच्या 3 टक्के राख, तेलाच्या एका मोलला मिथेनॉलचे 9 मोल, 60 अंश, दोन तास ढवळणं.

कोऱ्या शेंगदाणा तेलावर झकास जमलं, ग्लिसरीन खाली तळाशी बसलं. वडापावच्या तेलाला मात्र धुताना दह्यासारखा पांढरा फेस येतो आणि रात्रभर ठेवूनही थर वेगळे होत नाहीत. या तेलाची आम्लता 5.8 आली, म्हणजे मुक्त मेदाम्लं (अल्कलीशी मिळून साबण होणारी आम्लं) जवळपास 3 टक्के. आधी सल्फ्युरिक आम्लाने एस्टरीकरण करून, म्हणजे ती मेदाम्लं मिथेनॉलशी जोडून, घ्यावंच लागेल का? माझा संशय दमट हवेवरही आहे. जूनपासून राख डेसिकेटरबाहेर (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्याबाहेर) काढली की दहा मिनिटांत बोटाला चिकटते. वापरण्याआधी ती पुन्हा तापवून घेता का कुणी?

आणखी एक. तीच राख दुसऱ्यांदा वापरली तर काम अर्ध्यावर येतं. पोटॅशियम मिथेनॉलमध्ये विरघळून जात असणार. चुन्यावर वगैरे बसवून कुणी ते टिकवलंय का? सरांचं उत्तर ठरलेलं: "वाचन वाढव." प्रत्यक्ष हात काळे केलेल्यांनी सांगा.