सुनेच्या आईला व्हिएतनाममधली आई शोधायचीय, सुरुवात कुठून करावी?

सुमन_कोथरूड

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळाच आहे, चुकीच्या विभागात टाकला असेल तर ॲडमिननी हलवावा. माझा मुलगा मिनेसोटात असतो, सून तिकडचीच, पण तिची आई म्हणजे आमच्या विहीणबाई जन्माने व्हिएतनामी. एप्रिल १९७५ मध्ये सायगॉन (तेव्हाची दक्षिण व्हिएतनामची राजधानी) पडायच्या आधी अमेरिकेने विमानं भरभरून जी अनाथ मुलं नेली त्यातल्या त्या एक. तेव्हा वय दीडेक वर्ष असावं, नक्की कुणालाच माहीत नाही, दाखल्यावरची जन्मतारीख नर्सरीतल्या कुणीतरी दात बघून टाकलेली असं त्यांच्या अमेरिकन आईनेच त्यांना सांगितलेलं.

घर चांगलं मिळालं, माया मिळाली, शिक्षण झालं, तक्रार काही नाही. पण गावात त्यांच्यासारखं दिसणारं दुसरं कुणी नव्हतं आणि घरात त्या विषयावर कुणी बोलायचंच नाही. पुण्यात लग्न लागलं तेव्हा गुरुजींनी मुलीकडचं गोत्र विचारलं, सगळे एकमेकांकडे बघायला लागले, गुरुजींनी माहीत नसेल तर कश्यप म्हणून विषय मिटवला. नंतर विहीणबाई मला विचारतात, हे कश्यप कोण? मी सांगितलं माझ्या परीने. त्या म्हणाल्या चला, कुणीतरी पूर्वज मिळाला, आणि हसल्या.

आता सून गरोदर आहे, डॉक्टरांनी फॅमिली हिस्टरी विचारली तर आईच्या बाजूचा रकाना कोरा. तेव्हापासून विहीणबाईंनी मनावर घेतलंय. त्यांच्या अमेरिकन आई हयात असेपर्यंत शोधायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, त्या गेल्या वर्षी गेल्या. हातात आहे तो एक व्हिएतनामी जन्मदाखला आणि विमानातून उतरताना मनगटाला बांधलेली नावाची पट्टी. कुणाला या भानगडीची माहिती आहे का? एवढ्या वर्षांनी काही सापडतं का, का उगाच आशा लावायची?

हिवाळी_पाहुणा

सुमनकाकू, माहिती आहे थोडीफार, मी कॅलिफोर्नियात असताना या लोकांच्या एका कार्यक्रमाला व्हॉलंटियर होतो, तेव्हापासून वाचत आलोय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

याला ऑपरेशन बेबीलिफ्ट म्हणतात. ३ एप्रिल १९७५ ला प्रेसिडेंट फोर्डनी जाहीर केलं, २० लाख डॉलर मंजूर केले, आणि सरकारी पहिलंच मोठं विमान, सी-५ए गॅलक्सी, दुसऱ्या दिवशी सायगॉनहून उडाल्यावर मागचा कार्गो दरवाजा उखडला म्हणून परत फिरलं आणि भातशेतात कोसळलं. १३८ माणसं गेली, त्यात ७८ मुलं. जी गेली त्यातली बहुतेक खालच्या डेकवर होती. तरी मोहीम थांबली नाही, अडीच हजारांच्या वर मुलं बाहेर नेली, बहुतेक अमेरिकेत, बाकी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, युरोप. तान्ही बाळं पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून नेलेली आहेत, फोटो आहेत त्याचे. सॅन फ्रान्सिस्कोत उतरलेल्यांना प्रेसिडिओ या लष्करी तळावर हार्मन हॉलमध्ये गाद्या टाकून ठेवलं होतं.

आता तुमच्या कामाचं. दाखल्यावरचं नाव आईबापांनी ठेवलेलं असेल असं धरून अजिबात चालू नका. बऱ्याच मुलांची नावं नर्सरीतल्या बायकांनी ठेवली, दाखले बाहेर जायला कागद पाहिजेत म्हणून घाईत केले, आणि एका मुलाचे कागद तयार पण ते मूल दगावलं म्हणून त्याच कागदांवर दुसरं मूल गेलं असंही झालेलं आहे. म्हणजे विहीणबाई ज्या नावाच्या मागे जातील ती मुलगी दुसरीच असू शकते. हे त्यांना आधीच सांगा, नंतर कळलं की फार लागतं. मी त्या कार्यक्रमात एका गृहस्थांना पाहिलं, त्यांनी त्या नावाचं टॅटू काढून घेतलं होतं.

त्यामुळे नावापेक्षा संस्था शोधा. कोणत्या एजन्सीने आणलं ते दत्तकाच्या कोर्टाच्या कागदात सापडेल. होल्ट, फ्रेंड्स फॉर ऑल चिल्ड्रन, फ्रेंड्स ऑफ चिल्ड्रन ऑफ व्हिएतनाम, कॅथलिक संस्था, अशी मोजकीच नावं आहेत. एजन्सी कळली की नर्सरी कळते, नर्सरी कळली की कोणत्या प्रांतातल्या कॉन्व्हेंटमधून, म्हणजे नन्सच्या मठातून, मुलं यायची ते कळतं. फ्रेंड्स फॉर ऑल चिल्ड्रनच्या सायगॉनमध्ये 'तो आम', 'अलांबी', 'न्यूहेवन' अशा नावांच्या नर्सऱ्या होत्या. दुसरं, विहीणबाईंनी स्वतःची इमिग्रेशनची फाइल मागवावी, तिला ए-फाइल म्हणतात, माहिती अधिकारासारखाच तिकडचा कायदा आहे, ऑनलाइन अर्ज करता येतो. घरच्यांनी कधी न पाहिलेले कागद त्यात निघतात कधीकधी.

खडूस_सातारकर

मला विचाराल तर कशाला उकरायचं आता. पन्नाशी उलटली, लेक सुखात, नातवंड येतंय. जर्मनीचे फिलिप रोस्लर बघा, मेकाँग खोऱ्यातल्या सॉक ट्रांगच्या कॅथलिक अनाथाश्रमातून नऊ महिन्यांचे असताना जर्मनीत गेले, पुढे आरोग्यमंत्री झाले, व्हाइस चान्सलर झाले, आणि आईबाप शोधायची गरज वाटली नाही असं सरळ सांगतात. ज्यांनी वाढवलं तेच आईबाप. कृपया राग मानू नये.

इंद्रायणीकाठ

राग नाही दादा, पण रोस्लरना वाटलं नाही म्हणून दुसऱ्यालाही वाटू नये हे कुठलं लॉजिक? आणि काकूंनी शोधावं का असं विचारलेलंच नाही, कसं शोधावं ते विचारलंय.

मी स्वतः दत्तक आई आहे, लेक आता कॉलेजला. आपल्याकडेसुद्धा काराच्या (केंद्र सरकारची दत्तक संस्था) नियमात रूट सर्चची, म्हणजे जन्मदाते शोधायची, सोय आहे, अठरा पूर्ण झालं की मूल स्वतः अर्ज करू शकतं, तिऱ्हाइताला मात्र माहिती देत नाहीत. लेकीने विचारलं तर मी बरोबर जाणार आहे, पोटात गोळा येतो हे खरं, पण तो माझा प्रश्न, तिचा नाही. विहीणबाई आईसाठी एवढी वर्षं गप्प राहिल्या हे वाचून मलाच कसंतरी झालं, त्या आईलाही कदाचित चाललं असतं, कोण जाणे.

आणि दादा, यातली सगळी मुलं अनाथ नव्हतीच हो. लढाईत नवरा गेलेल्या, उपाशी बायका मूल काही दिवस सांभाळा म्हणून नन्सकडे ठेवायच्या, परत न्यायच्या इराद्याने. प्रेसिडिओवर एक व्हिएतनामी नर्स मदतीला गेली होती, तिला मोठी मुलं आपल्या भाषेत सांगायला लागली की आमचे आईबाप आहेत. त्यावरून २९ एप्रिल १९७५ ला, सायगॉन पडायच्या आदल्या दिवशी, सॅन फ्रान्सिस्कोत किसिंजरांवर, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन परराष्ट्रमंत्र्यांवर, केस झाली. १९७६ मध्ये जजने सगळ्या मुलांचा एकत्र दावा म्हणून चालवायला नकार दिला, फायली सील केल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं परत आईबापांना मिळाली. तेव्हा तिकडे कुणीतरी पन्नास वर्षं वाट बघत असणं अगदी शक्य आहे, ही काही उगाच उकराउकरी नाही.

सुमन_कोथरूड

बाप रे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सुनेला फोन केला आत्ताच, तिने कोर्टाचे कागद काढून बघितले, एजन्सीचं नाव आहे त्यात. विहीणबाई म्हणतात डीएनए किट लेकीने वाढदिवसाला दिलंय, कपाटात पडून आहे, करावं का? त्यांचे केस जरा पिंगट कुरळे आहेत, त्यामुळे वडील अमेरिकन सैनिक असावेत असं लहानपणापासून लोक तोंडावर बोलत आलेत.

हिवाळी_पाहुणा

करा, जरूर करा. वडील अमेरिकन असतील तर उलट तीच बाजू लवकर सापडते, कारण अमेरिकन लोक हौसेने टेस्ट करतात. व्हिएतनाममध्ये टेस्ट केलेले लोक फार कमी, त्यामुळे आईच्या बाजूला लांबचे चुलत मामेच दिसतील, तेही पुन्हा अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्हिएतनामींमधले. आकडे बघताना: आईबाप किंवा मूल असेल तर साधारण ३४०० सेंटीमॉर्गन (डीएनए किती जुळतो ते मोजायचं एकक) जुळतात, सख्खं चुलत भावंड असेल तर ८५० च्या आसपास, ५०-६० वाले शेकड्याने येतील त्यांच्यामागे धावू नका. एका कंपनीवर थांबू नका, अँसेस्ट्रीवर करून डेटा उतरवून जेडमॅच (GEDmatch) या डीएनए जुळवणाऱ्या साइटवर फुकट चढवता येतो. ट्वेंटीथ्री अँड मी ही दुसरी टेस्ट कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली होती, तिथे जुना डेटा असेल तर डाउनलोड करून ठेवायला सांगा.

अजून एक, वडील सापडले तर ते ऐंशीच्या घरात असतील, घरी बायको मुलं असतील ज्यांना काही माहीत नसेल. पहिला मेसेज दोन ओळींचा, शांत. "मी तुमची मुलगी" अशी सुरुवात करू नये.

डॉ_भातुकली

गोत्र राहू दे काकू, सुनेच्या डॉक्टरांना एक विचारा. व्हिएतनाम, थायलंड भागात अल्फा थॅलेसेमिया आणि हिमोग्लोबिन ई (दोन्ही रक्ताचे आनुवंशिक दोष) यांचे वाहक बरेच असतात, आपल्याकडे बीटा थॅलेसेमियाचे असतात. आईकडून ई आणि वडिलांकडून बीटा असं बाळात एकत्र आलं तर आजार गंभीर होऊ शकतो. सुनेची सीबीसी आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस, तुमच्या मुलाचीही तीच, साध्या रक्ताच्या टेस्ट आहेत. अल्फा मात्र त्यात सुटू शकतो, त्याला जेनेटिक टेस्ट लागते. कोऱ्या रकान्यातलं निदान एवढं तरी आत्ताच भरता येईल, आई सापडायची वाट बघायला नको.

सायगॉनचा_सदाशिव

मी कामानिमित्त हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगॉनमध्ये, राहतो, पेठेतलाच. इकडची बाजू सांगतो.

कागद इकडे मिळायची आशा कमी ठेवा. १९७५ च्या गडबडीत बरंच जळलं, आणि ज्या बायकांना अमेरिकनांपासून मुलं झाली होती त्यांनी नव्या राजवटीच्या भीतीने फोटो, पत्रं स्वतःच्या हाताने जाळली. माणसं मात्र मिळतात. म्हाताऱ्या नन्स, नर्सरीत काम केलेल्या बायका, काहींची आठवण तल्लख आहे. इकडे सगळे 'झालो' (Zalo) नावाच्या ॲपवर असतात, आपल्या व्हॉट्सॲपसारखं, तिथे लहानपणीचा फोटो आणि नर्सरीचं नाव टाकलं की फिरतं. टीव्हीवर हरवलेल्या नातलगांना भेटवणारा कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला होता, त्यामुळे असं शोधणं इथल्या लोकांना नवीन नाही.

पण फोटो फिरला की एक नाही, चार आया येतील. सगळ्या लबाड नसतात, ज्या बाईची मुलगी त्याच महिन्यात त्याच दारातून गेली तिला प्रत्येक फोटोत तीच दिसते. म्हणून आधी टेस्ट, मग रडारड. किट इकडे पोस्टाने मागवायच्या भानगडीत पडू नका, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवा, लाळ घेऊन तोच परत नेईल. आणि भेट झालीच तर पैशाचा विषय निघणार हे धरून चाला. अमेरिकेतली लेक म्हणजे घराला हातभार लावणारच असं इथे गृहीत असतं, आपल्याकडेही दुबईच्या मुलाकडून असतंच की. त्याला लोभ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मोठ्या झालेल्या मुलांना तो पहिल्याच आठवड्यात धक्का बसतो आणि नातं तिथेच तुटतं. आधीच ठरवून यावं किती द्यायचं, किती नाही, आणि दुभाषा स्वतःचा आणावा, नातलगांपैकी नको.

यायचं असेल तर टेटच्या, म्हणजे इथल्या नववर्षाच्या, आठवड्यात येऊ नका, शहर बंद असतं. बाकी माझ्याकडे उतरा, पोहे मिळतील.

खडूस_सातारकर

बरं, माघार नाही पण एक कामाचं सांगतो. अमेरिकेने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा २००० मध्ये केला, तो फक्त २७ फेब्रुवारी २००१ ला अठराच्या आत असलेल्यांना लागू. ही ७५ ची मुलं त्यात बसत नाहीत, त्यांच्या आईबापांनी तेव्हा वेगळा अर्ज केला असेल तरच नागरिक. काहींच्या घरी ते राहूनच गेलं आणि मोठेपणी कळलं. विहीणबाईंचं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट आहे ना बघा, मग सरकारकडे फाइल मागा. आणि देशाबाहेर पाऊल टाकायच्या आधी तर नक्कीच.

सुमन_कोथरूड

सर्टिफिकेट आहे हो, १९७७ चं, पासपोर्टही आहे, दोनदा पुण्याला येऊन गेल्यात. डॉक्टर, तुमचं सुनेला लगेच पाठवलं, सोमवारी दोघांचं रक्त देतायत. सदाशिवराव, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, नर्सरीचं नाव कागदात एका ठिकाणी हाताने लिहिलंय पण वाचता येत नाही, फोटो पाठवते, तुमच्या ऑफिसातल्या कुणाला लागतंय का बघा.